माळ्यावरचा नांगर

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आष्टीच्या घरातला ओसरीवरचा माळा रिकामा करायचे ठरले. ही आष्टी बीड जिल्ह्यातली नव्हे, जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातली. नावाच्या सारखेपणामुळे आमची अर्धी पत्रे आधी त्या गावाला जाऊन मग आमच्याकडे येत, म्हणून हा खुलासा सुरुवातीलाच केलेला बरा. पुतण्याने भंगारवाल्याला बोलावून ठेवले होते. मी खाली खुर्ची टाकून बसलो होतो आणि वरून एकेक वस्तू उतरत होती. पितळी समई, फुटका रांजण, पाळण्याच्या साखळ्या. मग लोखंड येऊ लागले. बिनदांड्याची एक कुऱ्हाड, सुताराचा वाकस, दोघांनी ओढायची लांब करवत, नांगराचे दोन फाळ आणि एका लोखंडी नांगराचा गंजलेला सांगाडा. सगळ्यात शेवटी गोणपाटात गुंडाळलेले एक बाड आले. त्यात कुळकायद्याच्या नोटिसा, सारा भरल्याच्या उर्दू पावत्या आणि मुखपृष्ठ नसलेले एक सूचिपत्र होते. आजच्या भाषेत कॅटलॉग.

भंगारवाल्याने लोखंड तराजूत टाकले होते. भाव किलोवर ठरणार होता. कुऱ्हाड किती वर्षांची, नांगर कोणाचा, याच्याशी तराजूला काही देणेघेणे नव्हते. मी कुऱ्हाड उचलून हातात घेतली आणि का कोण जाणे, ती परत ठेववेना. समई विकायला माझी हरकत नव्हती. पण हे लोखंड राहू दे म्हणालो. पुतण्या हसला. काका निवृत्त झाले की असेच करतात, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

पुढचे काही महिने मी त्या कुऱ्हाडीच्या मागे लागलो. घासल्यावर पात्यावर रोमन लिपीतली तीन-चार अक्षरे उमटली, त्यांवरून ती शेफील्डची असावी एवढे कळले. विलायतेत अशा हत्यारांची सूचिपत्रे जपणारी माणसे आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हते. शेफील्डमध्ये केन हॉली नावाच्या गृहस्थाने आयुष्यभर जमवलेला हत्यारांचा आणि हत्यारे बनवणाऱ्यांच्या सूचिपत्रांचा मोठा संग्रह आहे. आपल्याकडे दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते आणि दिवे जमवले, तसाच हा ध्यास. त्या जुन्या सूचिपत्रांची पाने चाळताना एक वेगळेच जग दिसते. कुऱ्हाड म्हणजे कुऱ्हाड, असे आपण समजतो. पण तिथे लाकूड तोडायची वेगळी, तासायची वेगळी, फोडायची वेगळी, आणि शिवाय ज्या देशात माल पाठवायचा त्या देशाच्या सवयीप्रमाणे घडण वेगळी. दांडा बसवायचे नेढे गोल की लांबट, तो खालून घालून पाचर ठोकायची की वरून ओवायचा, यावरूनदेखील गिऱ्हाईक कुठले हे ओळखता येते. जुन्या कुऱ्हाडींचे अंग साध्या लोखंडाचे असे आणि धारेपुरता पोलादाचा तुकडा त्याला तापवून जोडलेला असे. आमच्या कुऱ्हाडीला घासल्यावर ती जोडाची काळपट रेघ दिसली, तेव्हा मला सोन्याचा कस लागल्यासारखा आनंद झाला.

पण माझा शोध कुऱ्हाडीपाशी थांबला नाही, कारण माळ्यावरचे ते मुखपृष्ठ नसलेले सूचिपत्र शेफील्डचे नव्हते. ते मराठीत होते. किमतींचे पान उंदरांनी खाल्ले होते. पण नांगरांची चित्रे, कडबा कापायच्या यंत्राचे चित्र आणि पानाच्या तळाशी गावाचे नाव शाबूत होते. ते नाव होते किर्लोस्करवाडी.

आमच्या पिढीला हे नाव नवे नाही. पंपावर, इंजिनावर आणि घरातल्या मासिकावर आम्ही ते पाहत आलो. परंतु नावामागचा माणूस मला खऱ्या अर्थाने भेटला तो या फाटक्या सूचिपत्रामुळे. त्या माणसाची हकीगत आज सांगायची आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या लहानशा गावात झाला. संगीत रंगभूमीचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाने चार बुके शिकून नाव काढावे, ही त्यांची साधी अपेक्षा होती. पण मुलाचे मन पुस्तकात रमेना. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता, चित्रे काढायची आणि वस्तू उघडून आत काय आहे ते पाहायचे. वडिलांच्या मनाविरुद्ध, पण थोरले भाऊ रामुअण्णा यांच्या पाठबळावर १८८५ साली तो मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाला.

तिथे नियतीने एक चमत्कारिक थट्टा केली. दोनेक वर्षांनी लक्षात आले की या विद्यार्थ्याला काही रंगांतला फरकच दिसत नाही. चित्रकाराला रंगांधळेपण म्हणजे गवयाला बहिरेपण. एखादा मुलगा गावी परत गेला असता आणि घरच्यांची बोलणी खात राहिला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा ठेवली. यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत. ते त्या विद्येत इतके तयार झाले की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे पुढे व्हीजेटीआय म्हणून गाजलेल्या संस्थेत, त्यांना यांत्रिक रेखाटन शिकवणारे साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरी मिळाली. शिकवता शिकवता संस्थेच्या कार्यशाळेत ते स्वतः यंत्रे शिकले. पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती.

नोकरी चालू असतानाच सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली पाठवायचे आणि बेळगावला रामुअण्णा त्या विकायचे. १८८८ हे किर्लोस्कर बंधूंच्या दुकानाचे स्थापनावर्ष मानले जाते. सायकल त्या काळी नवलाची वस्तू होती. विकायची तर ती चालवायलाही शिकवावी लागे. वस्तू विकणे म्हणजे आधी माणसाची भीती घालवणे, हा धडा त्यांना इथे मिळाला असावा, असे मला वाटते. पुढे तो फार उपयोगी पडणार होता.

१८९७ साली संस्थेत वरची जागा रिकामी झाली. तीवर लक्ष्मणरावांचा हक्क होता. पण ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि मुंबई सोडली. नोकरीत डावलले गेलेले लोक मी बँकेत पुष्कळ पाहिले, एकदोनदा मी स्वतःही त्यांत होतो. आपण सारे चार दिवस कुढतो आणि पाचव्या दिवशी मस्टरवर सही करतो. पगाराची नोकरी सोडून, घरी बायकामुले असताना, बेळगावला सायकलच्या दुकानात परत जायला वेगळीच छाती लागते. राधाबाईंनी त्या दिवसांत घर कसे चालवले असेल, याची नोंद कोणत्याही सूचिपत्रात नसते.

बेळगावात सायकलींबरोबर त्यांच्या डोळ्यांपुढे सतत शेतकरी येत होता. अख्खा कडबा जनावरापुढे टाकला की ते पाला खाते आणि धाटे तुडवते. दुष्काळी मुलखात ही नासाडी परवडणारी नव्हती. म्हणून कडबा कापायचे यंत्र आले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी लोखंडी नांगर हाती घेतला.

इथे शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आपला लाकडी नांगर सुतार बाभळीतून घडवी. खोड, इसाड, रुमणे सारे लाकडाचे, लोखंडाचा फक्त फाळ. हा नांगर जमीन फाडतो, पण माती उलटवत नाही. लोखंडी नांगराला फाळामागे वळणदार पंख असतो. कापलेला मातीचा पट्टा तो उचलून पालथा करतो, त्यामुळे हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या उन्हात येऊन वाळतात. आमच्या काळ्या जमिनीत दरवर्षी वखरच चाले, नांगरट काही वर्षांनी एकदा. पण कुंदा माजला की वखराचे काही चालत नसे. एका नांगराला चार-पाच बैलजोड्या जुंपूनही मुळी हाती लागत नसे.

असा उपयोगी नांगर लक्ष्मणरावांनी बनवला आणि तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत पसरली होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. या गोष्टीवरून आपण लगेच आपल्या शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होतो. मीही तसेच म्हणत असे. पण कुऱ्हाडीच्या निमित्ताने विलायती आणि अमेरिकन अवजारांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा डोळे उघडले. न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्ड याने १७९७ साली बिडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही हीच शंका काढली होती की लोखंडाने जमीन विषारी होते आणि तण माजते. शंभर वर्षांच्या अंतराने, दोन समुद्रांपलीकडे तीच भीती. शेतकऱ्याची जमीन एकच असते, ती बिघडली तर दुसरी नाही. तेव्हा नव्या वस्तूकडे त्याने संशयाने पाहणे हा अडाणीपणा नव्हे, ती त्याची जोखीम मोजायची रीत आहे. बँकेत आम्ही हेच करतो आणि त्याला शहाणपणाचे नाव देतो.

शिवाय बीड ओतणे सोपे नव्हते. मऊ राहिले तर फाळ चार दिवसांत बोथट होतो, फार कडक झाले तर दगड लागताच तुकडा पडतो. इंग्लंडात इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ साली यावर एक युक्ती काढली होती. ओतताना फाळाची खालची बाजू एकदम थंड करायची, म्हणजे ती कडक होते आणि वरची बाजू त्या मानाने मऊ राहते. चालता चालता वरची बाजू झिजते आणि धार आपोआप टिकते. अमेरिकेत जॉन डिअरने १८३७ साली चिकट मातीसाठी गुळगुळीत पोलादी पंख्याचा नांगर केला. त्या लोकांपाशी ओतशाळांची परंपरा होती, कोळसा होता, कारागीर होते. बेळगावच्या या माजी ड्रॉइंग मास्तरापाशी हात, डोळे आणि वाचनाची हौस होती. जे काही शिकायचे ते वाचून, करून आणि चुकून.

नांगर कुठे खपू लागले तोच बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा नव्या वस्तीसाठी हवी झाली. कारखाना हलवा म्हणून सांगण्यात आले. जायचे कुठे? या वेळी त्यांच्या आयुष्यात औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, १९३९ साली आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देणारे ते हेच राजे. ते स्वतः चित्रकार होते. रंग सोडावे लागलेल्या चित्रकाराला रंगात रमलेल्या राजाने ओळखावे, हा योगायोग मला फार गोड वाटतो. औंधच्या यमाई देवीच्या देवळासाठी सभामंडप उभारायचे काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिले. ते चालू असतानाच कारखान्याची अडचण त्यांना कळली. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले.

मी माझ्या नोकरीतली बरीच वर्षे कर्जाच्या फायली पाहण्यात घालवली. म्हणून रात्री जाग आली असता एकदा मी ही फाइल मनातल्या मनात टेबलावर घेतली. अर्जदार : वय चाळीस. शिक्षण : अपुरे. पूर्वानुभव : शिक्षकी, सायकल दुकान. माल : बाजारात मागणी जेमतेम. सध्याची जागा : खाली करण्याची सूचना. नवी जागा : कुंडल रोड स्टेशनजवळचा बत्तीस एकरांचा माळ, निवडुंग आणि नागांनी भरलेला. तारण : काही नाही. मी प्रामाणिकपणे सांगतो, मी नामंजुरीचा शेरा मारला असता आणि त्या रात्री मला शांत झोप लागली असती.

हे नुसते कल्पनेने म्हणत नाही. नोकरीच्या मधल्या काळात माझ्यापुढे असाच एक माणूस बसला होता. गावचा लोहार. त्याने तिफणीत काहीतरी सुधारणा केली होती, बी सारख्या अंतरावर आणि सारख्या खोलीवर पडावे म्हणून. नमुना त्याने गाडीत घालून बँकेच्या दारात आणला होता. त्याला लहानशी भट्टी आणि वेल्डिंगचे यंत्र घ्यायचे होते. त्याच्यापाशी जामीनदार नव्हता, हिशेबाच्या वह्या नव्हत्या आणि शेड सरकारी गायरानात होती. नियमाप्रमाणे पाहता मी काही चूक केली नाही. मी बाहेर जाऊन ती तिफण पाहिलीदेखील नाही, एवढेच. अर्ज परत गेला. तो माणूस पुन्हा बँकेत आला नाही. त्याची तिफण चांगली होती की नव्हती, हे मला आज सांगता येत नाही, आणि तेच मला सलते. बाळासाहेब पंतांनी कागद पाहिले की नाही मला माहीत नाही, पण त्यांनी माणूस पाहिला होता.

१० मार्च १९१० रोजी त्या माळावर किर्लोस्करवाडीचा मुहूर्त झाला. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, विहीर काढायची, राहायला घरे बांधायची आणि त्याच वेळी भट्टी पेटती ठेवायची. कारखान्याबरोबर लक्ष्मणरावांना गाव वसवायचा होता, आणि त्या गावात शिवाशीव नको होती. १९१० साली हे बोलणे सोपे नव्हते आणि करणे तर त्याहून अवघड.

त्यांची माणसे पाहिली की आणखी नवल वाटते. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी ही मंडळी मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेली नव्हती. कोणाची शाळा अर्धवट सुटलेली, कोणी परीक्षेत नापास झालेला. त्यांतूनच कोणी कल्पक यंत्रज्ञ झाला, कोणी हिशेब सांभाळले, कोणी खरेदीपासून कोर्टकचेरीपर्यंत सारे निभावले. रात्रीच्या पहाऱ्याला तर लक्ष्मणरावांनी तुरुंगातून सुटून आलेली माणसे ठेवली. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या दोन दरारा असलेल्या माणसांच्या हाती त्यांनी कारखान्याची राखण दिली, आणि त्यांनी ती चोख केली. भंगार म्हणून जगाने बाजूला टाकलेल्या लोखंडातून नांगर करणारा हा माणूस माणसांच्या बाबतीतही तेच करत होता.

पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी अवजारे येणे मंदावले. किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. पण कच्च्या लोखंडाची आणि कोळशाची टंचाई झाली. कोल्हापूरकडे आजही सांगतात की त्या दिवसांत शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या. तोफेचा नांगर व्हावा, याहून चांगली गती लोखंडाला कोणती मिळणार?

१९२० साली किर्लोस्कर बंधूंची रीतसर मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी वाडीतून किर्लोस्कर खबर नावाचे एक छोटे पत्रक निघू लागले. पुतणे शंकरराव हे त्याचे संपादक. मूळ हेतू सूचिपत्राचाच, म्हणजे माल काय आहे, कसा वापरावा, कोणाला कसा उपयोग झाला हे गिऱ्हाइकांना कळवायचे. पण लक्ष्मणरावांप्रमाणे शंकररावांनीही हातातल्या वस्तूपलीकडे पाहिले. पत्रकाचे मासिक झाले, नावातली खबर पुढे गेली आणि नुसते किर्लोस्कर उरले. १९३० साली स्त्री आणि १९३४ साली मनोहर आले. नांगराच्या जाहिरातीतून बायकांच्या शिक्षणाची, विधवांच्या प्रश्नांची, अंधश्रद्धेची चर्चा मराठी घरांत पोचली. आमच्या घरी आईने जपून ठेवलेले स्त्रीचे जुने अंक मी शाळेत असताना चोरून वाचले. आयुष्यात पुढे कादंबऱ्या लिहिल्या, त्याचे मूळ कुठे तरी त्या अंकांत आहे, आणि त्या अंकांचे मूळ या नांगरात.

आता आष्टीकडे येऊ. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात. १९०० साली मनमाडहून निघालेली छोट्या रुळांची गाडी परतूरवरून हैदराबादकडे जाऊ लागली आणि आम्हाला जग जवळ आले. खरेदी करायची म्हणजे दोन नाण्यांचा हिशेब. गावात हाली शिक्का चाले, बाहेरचा माल घ्यायचा तर कल्दार रुपये लागत. आजोबांच्या सूचिपत्राच्या समासात पेन्सिलीने केलेली बेरीज-वजाबाकी आहे. ती हालीची कल्दार करण्याची खटपट असावी. उंदरांनी किमती खाल्ल्या, पण आजोबांची काळजी शिल्लक ठेवली. त्यांनी नांगर घेतला एवढे नक्की, कारण तो माळ्यावर होता.

त्या सूचिपत्रात मला सर्वांत मोलाची वाटलेली पाने चित्रांची नाहीत, सुट्या भागांची आहेत. प्रत्येक भागाचे चित्र आणि त्यापुढे आकडा. फाळ झिजला तर पत्रावर आकडा लिहून टाकायचा, तेवढाच भाग परतूर स्टेशनावर उतरायचा आणि बोल्टाने बसायचा. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण ज्या माणसाने तोवर फक्त ओळखीच्या सुताराकडून वस्तू घडवून घेतली, त्याने न पाहिलेल्या गावातल्या न पाहिलेल्या कारखान्याकडे पैसे पाठवायचे आणि तो भाग तंतोतंत बसायचा, हा एक नवा विश्वास होता. सूचिपत्र म्हणजे छापलेला शब्द पाळायची हमी.

या विश्वासाची किंमतही कोणीतरी मोजली, हे सांगितले नाही तर हकीगत अर्धी राहील. माळ्यावरची कुऱ्हाड, वाकस आणि करवत आमच्या घरच्या वापराची नव्हती. ती गावच्या सुताराची होती, असे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आता आठवले. नांगर घडवायचा आणि सुगीला खळ्यावर येऊन बलुते न्यायचे, हा त्याचा पिढ्यांचा हक्क. लोखंडी नांगर आला तसे त्याचे खळ्यावरचे येणे कमी होत गेले. अडचणीच्या एका वर्षी त्याने हत्यारे आजोबांकडे ठेवून धान्य नेले आणि ती सोडवायला तो आला नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे शेफील्डच्या कुऱ्हाडीने घडवलेल्या नांगरालाच दुसऱ्या नांगराने हटवले. लक्ष्मणरावांना यात दोष देता येणार नाही. कुंदा निघाला, जोंधळा वाढला, बैलांचे हाल कमी झाले. पण घराच्या एकाच माळ्यावर नांगर आणि ही हत्यारे शेजारी शेजारी पडून होती, आणि इतकी वर्षे आम्हाला त्यांचे नाते दिसले नव्हते.

वाडी वाढत गेली. चरक आले, १९२६ पासून पंप आले. मुलगा शंतनुराव अमेरिकेतून, एमआयटीतून यंत्रविद्या शिकून त्याच वर्षी परतला. १९४१ साली हरिहरला यंत्रे बनवणारी यंत्रे तयार होऊ लागली, १९४६ साली पुण्याला तेलाची इंजिने. रंगांधळ्या मास्तराच्या मुलानातवंडांच्या हाती आता मोठा पसारा होता.

आणि मग १९४८ उजाडले. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत फेब्रुवारीच्या पहिल्या दिवशी जमाव किर्लोस्करवाडीवर चालून आला आणि कारखान्याला आग लावली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या माळावरचा निवडुंग त्यांनी तोडला, ज्या माळावर जात न पाहता माणसे वसवली, तिथे जातीच्या रागाची आग आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आमचा मराठवाडा निजामाच्या अमलातून सुटला. आमच्याकडे गुढ्या उभारल्या जात होत्या, तेव्हा वाडीतली राख निवली असेल-नसेल. कारखाना पुन्हा उभा राहिला. ज्याने एकदा बेळगावातून उठून माळावर सुरुवात केली होती, त्याच्या घरात पुन्हा सुरुवात करणे ही रीतच झाली होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव पुण्यात वारले. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. न पाहिलेल्या गिऱ्हाइकाशी पत्रातून नाते जोडणाऱ्या माणसाला याहून शोभणारे स्मारक मला तरी सुचत नाही.

यंदा उन्हाळ्यात मी त्या लोहाराचा गाव शोधत गेलो. तो काही वर्षांपूर्वी वारला होता. रस्त्याला लागून त्याच्या मुलाचे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचे दुकान आहे. मी कोण, ते सांगितले. त्याने राग धरला नाही; त्याला तो अर्ज ठाऊकही नव्हता. मी तिफणीचे विचारले, तेव्हा तो मला मागच्या अंगणात घेऊन गेला. शेवग्याखाली ती उभी होती, लाकूड कुजलेले, लोखंड मात्र धड. तीस वर्षांपूर्वी जे पाच मिनिटांत करायला हवे होते ते मी त्या दिवशी तासभर केले. वाकून, फिरवून, हात लावून ती तिफण पाहिली.

सुताराच्या घरचे आता पुण्याला असतात. कुऱ्हाड, वाकस आणि करवत साफ करून ठेवली आहे. दिवाळीला ते गावी येतील तेव्हा त्यांना परत द्यायची. नांगर मात्र आमचाच. पुतण्याने तो घासूनपुसून ओसरीत ठेवला आहे आणि आल्यागेल्याला त्याचे भाग आकड्यांनिशी सांगतो. सूचिपत्र त्याने माझ्याकडून मागून घेतले, ते अजून परत केलेले नाही.